वेळ थोडा, घरकाम फार : आधी काय स्वच्छ करावे?

पंधरा दिवसांपूर्वी एका वाचक भगिनीचे पत्र आले. त्या शिक्षिका आहेत. तालुक्याच्या गावाहून पंचवीस किलोमीटरवरच्या शाळेत रोज अप-डाऊन करतात. सकाळी सातची एस.टी. चुकली की पुढची थेट साडेआठला, त्यामुळे पहाटे पाचपासून धावपळ सुरू. संध्याकाळी घरी पोचायला सहा वाजतात. मग स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, वह्या तपासणे. आठवडाभराची जळमटे, फरशी, चादरी, संडास-बाथरूम हे सगळे रविवारवर ढकललेले. त्या लिहितात, "रविवारी संध्याकाळी मी कंबर धरून बसते आणि तरीही कोणी आले की म्हणतात, पसारा फार दिसतो. नोकरी करणाऱ्या बाईने घर स्वच्छ ठेवायचे तरी कसे?"

या प्रश्नाचे उत्तर देण्याचा अधिकार गृहशास्त्राच्या प्राध्यापिकांचा, असे कोणी म्हणेल. पण गेली तीस वर्षे दवाखान्यात बसून मी दोन्ही प्रकारचे रुग्ण पाहते आहे. घर अस्वच्छ राहिले म्हणून आजारी पडलेले, आणि घर स्वच्छ करता करता आजारी पडलेले. दुसऱ्या प्रकारचे रुग्ण दिवाळीच्या आधी पंधरा दिवस इतके येतात की, ती एक साथच म्हणावी. कुणाची पाठ धरलेली, कुणी स्टुलावरून पडलेले, कुणाला धुळीने दम लागलेला, कुणाच्या हाताची सोड्याने सालपटे निघालेली. या रुग्णांत स्त्रियाच जास्त, हे सांगायला नको.

म्हणून 'घर स्वच्छ कसे ठेवावे' याच्या आधी दुसरा प्रश्न विचारावा असे मला वाटते. घरातली कोणती घाण माणसाला आजारी पाडते, आणि कोणती फक्त डोळ्यांना खुपते? दिवाणावर पडलेली वर्तमानपत्रे, न घडी घातलेल्या चादरी, कपाटावरचे बोटांचे ठसे, खुर्चीवर टाकलेला शर्ट यांनी आजवर कोणाला ताप आल्याचे माझ्या पाहण्यात नाही. आमच्याही दिवाणावर वर्तमानपत्रांचा ढीग असतो. पाहुणे येणार असे कळले की तो पलंगाखाली जातो. असो. ज्यांच्याजवळ वेळ भरपूर आहे त्यांनी दोन्ही करावे. ज्यांच्याजवळ दिवसाकाठी अर्धाच तास आहे, त्यांनी तो कुठे खर्चावा, एवढाच आजचा विषय.

लखलखीत फरशी, तरी डेंग्यू

काही वर्षांपूर्वी सप्टेंबर महिन्यात एका नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन तिचे आईवडील आले. दोघेही नोकरदार. मुलीला तीन दिवस ताप, डोळ्यांच्या मागे दुखणे, अंगावर बारीक लाल पुरळ. रक्त तपासले तेव्हा डेंग्यू निघाला. तिला जिल्ह्याच्या ठिकाणी दाखल करावे लागले. डेंग्यूमध्ये ताप उतरू लागतो तेव्हा घरच्यांना हायसे वाटते, पण ते एक-दोन दिवसच जास्त जोखमीचे असतात. ते या मुलीच्या बाबतीतही तसेच गेले. आईवडिलांनी दोन रात्री खुर्चीत बसून काढल्या. मुलगी सुखरूप घरी आली, पण त्या मातेच्या मनातून एक गोष्ट जाईना. "डॉक्टरबाई, मी रोज दोन वेळा फिनेल टाकून फरशी पुसते. आमच्या घरात डास आलाच कसा?"

मी त्यांच्या घरी गेले. फरशी खरोखरच अशी की तोंड पाहावे. मी फ्रिजच्या मागचा ट्रे ओढून पाहायला सांगितले. फ्रिजमधले बर्फाचे पाणी ज्यात साठते तो हा ट्रे. घरातल्या कोणालाही तो ठाऊक नव्हता. त्यात बोटभर पाणी आणि त्या पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या होत्या. टीव्हीवरच्या बाटलीत मनीप्लँट होता, त्यातही अळ्या. गच्चीवर पिण्याव्यतिरिक्तच्या पाण्याचे पिंप होते. त्याच्या झाकणाची एक बाजू फुटलेली. आत काय असेल ते सांगायला नको.

डेंग्यूचा डास गटारातला नव्हे. तो घरातल्या स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंगावर पांढरे पट्टे असलेला हा डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी. तो फार लांब उडतही नाही. साधारणतः शे-दोनशे मीटरांच्या आतच त्याचा संसार. म्हणजे आपल्या घरात चावणारा डास हा बहुधा आपल्या किंवा शेजाऱ्याच्या घरातच वाढलेला असतो. चिकुनगुन्याही हाच डास पसरवतो.

आपल्याकडे अडचण अशी की, पाणी साठवल्याशिवाय गत्यंतर नाही. मराठवाड्यातल्या कित्येक गावांत उन्हाळ्यात नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी येते. हौद, पिंप, रांजण, बादल्या, पातेली, मिळेल ते भरून ठेवायचे. अशा घराला 'पाणी साठवू नका' असे सांगणारा फलक म्हणजे उपाशी माणसाला पथ्य सांगण्यासारखे आहे. साठवा. पण या डासाचे एक वेळापत्रक आहे. अंड्यातून अळी, अळीतून कोष आणि कोषातून उडणारा डास व्हायला आपल्या उष्ण हवेत साधारण आठ ते दहा दिवस लागतात. त्याच्या आत, म्हणजे आठवड्यातून एकदा, प्रत्येक भांडे रिकामे करून कोरडे केले तर अळीचा डास होत नाही. यालाच आरोग्य खात्याचे लोक 'कोरडा दिवस' म्हणतात. धावपळीच्या संसारात मला ही गोष्ट फार सोयीची वाटते. रोज करण्याचे कारणच नाही. आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटे, पण न चुकता.

यात एक मेख आहे. मादी डास अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटवते. ही अंडी कोरड्यातही कित्येक महिने जगतात आणि पुन्हा पाणी भरले की फुटतात. म्हणून नुसते पाणी ओतून देऊन भागत नाही. आतली कड काथ्याने किंवा घासणीने खरवडून घासावी लागते. पाणी टाकून देणे परवडत नसेल (आणि मे महिन्यात ते कोणाला परवडते?) तर ते दुहेरी फडक्यातून गाळून दुसऱ्या भांड्यात काढावे, पिंप घासून पुसून वाळवावे आणि पाणी परत भरावे. फडक्यावर राहिलेल्या अळ्या गटारात टाकू नयेत, कोरड्या मातीवर टाकाव्यात. त्या उन्हात मरतात. झाकण नसेल तर जुन्या धोतराचे किंवा साडीचे फडके पिंपाच्या तोंडाला दोरीने घट्ट बांधावे. मोठा हौद रिकामा करणे शक्यच नसेल तर त्यात गप्पी मासे सोडावेत. ते अळ्या खातात. प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारणा केली तर ते मिळवून देतात. आरोग्य कर्मचारी अळीनाशक औषध टाकायला आले तर त्यांना दारातून परत पाठवू नये.

फ्रिजचा ट्रे, कूलरची टाकी, कुंडीखालची बशी, मनीप्लँटची बाटली, पक्ष्यांसाठी ठेवलेले पाण्याचे भांडे, गच्चीवरचा जुना टायर, नारळाची करवंटी, वापरात नसलेल्या संडासाचे भांडे, एवढ्या जागा एकदा कागदावर लिहून कॅलेंडरच्या मागे चिकटवा. ही यादी एकदा केली की डोके वापरावे लागत नाही. घरातले दहा-बारा वर्षांचे पोरही ती पाहून काम करू शकते. उलट, अळ्या शोधायला मुलांना फार आवडते.

ओट्यावरचे फडके

दुसरी जागा स्वयंपाकघर. माझ्या मते घरातली सर्वांत घाण वस्तू संडासात नसते, ती ओट्यावर असते. ओटा, ताट, हात, सांडलेले दूध, गॅसची शेगडी हे सगळे ज्या एकाच फडक्याने पुसले जाते, ते फडके. दिवसभर ओले, त्यात अन्नाचे कण, आणि हवा उबदार. जंतूंना याहून चांगले घर कुठले? अनुकूल स्थितीत काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. हिशेब करून पाहा. एकाचे दोन, दोनाचे चार, असे सात तासांत एका जंतूचे वीस लाखांवर होतात. सकाळी सात वाजता ओले फडके सिंकच्या कडेला गोळा करून ठेवून आपण नोकरीला गेलो, तर दुपारी येऊन त्याच फडक्याने ताटे पुसताना आपण काय करतो याचा विचार व्हावा.

उपाय वेळखाऊ नाही. फडकी दोन ठेवावीत, एक ओट्यासाठी आणि एक भांड्यांसाठी. रंग वेगळे असावेत, म्हणजे सासूबाई, मुले, मदतीला येणाऱ्या मावशी कोणाचीही गल्लत होत नाही. काम झाले की साबणाने धुऊन, पिळून, पसरून वाळत घालावीत. वाळणे महत्त्वाचे. कोरड्या कापडात जंतूंची वाढ थांबते. आठवड्यातून एकदा पातेल्यात पाणी घेऊन दहा मिनिटे उकळावीत. फरशी पुसायच्या पोतेऱ्याचेही तसेच. बादलीत ओले कोंबून ठेवलेले पोतेरे दुसऱ्या दिवशी सगळ्या घरभर कालची घाण फिरवून आणते.

मटण-मासळी चिरायची विळी किंवा पाट त्याच वेळी साबणाने धुवावा, कोशिंबिरीसाठी तो तसाच वापरू नये. पिण्याच्या पाण्याच्या माठात तांब्या बुडवताना बोटेही बुडतात, म्हणून लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे. ही वस्तू जुलाबाच्या औषधांपेक्षा स्वस्त पडते. रात्री झोपताना सिंकमध्ये खरकटे ठेवू नये. सगळी भांडी घासायला त्राण नसेल तर निदान खरकटे काढून, पाण्याने विसळून ठेवावीत. झुरळे रात्री बाहेर पडतात आणि त्यांना तेवढेच पुरते.

आणि हात. संडासाहून आल्यावर, बाळाची शी काढल्यावर, स्वयंपाकाला लागण्यापूर्वी आणि जेवायला बसण्यापूर्वी साबणाने वीस सेकंद हात धुण्याची सवय ज्या घरांत असते, तिथे जुलाबाचे प्रमाण साधारण एक तृतीयांशाने कमी होते, असे निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांत दिसून आले आहे. फरशी दोनदा पुसून जे साधत नाही ते चार वेळा हात धुऊन साधते. कित्येक घरांत मी पाहते, साबण न्हाणीघरात आणि संडास अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. माणूस येता येता पाण्याने हात खळबळून मोकळा होतो. साबण संडासाच्या दाराशी टांगा. नायलॉनच्या जाळीच्या पिशवीत घालून टांगला की तो पाण्यात विरघळतही नाही.

फिनेलबद्दल दोन शब्द. वास म्हणजे स्वच्छता, अशी आपली समजूत झाली आहे. निरोगी माणसांच्या घरात साधी फरशी पुसायला पाणी आणि थोडा साबण पुरतो. रांगते मूल असेल तर ओले पुसणे अवश्य करावे, पण त्यासाठी सुवासिक बाटल्या विकत घेण्याची गरज नाही.

धूळ काढता की उडवता?

दम्याच्या मुलांच्या आया मला नेहमी सांगतात की, आम्ही घर रोज दोनदा झाडतो. मी विचारते, मूल त्या वेळी कुठे असते? बहुधा तिथेच, अंथरुणात. कोरड्या केरसुणीने जोरात झाडले की जमिनीवर शांत पडलेली धूळ उठून नाकाच्या उंचीला येते आणि कितीतरी वेळ तरंगत राहते. घरात दम्याचा किंवा सर्दीच्या ॲलर्जीचा रुग्ण असेल तर झाडताना त्याला बाहेर पाठवावे, खिडक्या उघडाव्यात, केरसुणी हलक्या हाताने जमिनीला लावून ओढावी. शक्य असेल तेथे झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावे. पंखा बंद ठेवून झाडावे हे सांगायलाच नको, तरी सांगते.

घरातल्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात. मिलिमीटरच्या पाव ते एक तृतीयांश भागाएवढे. ते चावत नाहीत, आपल्या कातडीचे गळून पडणारे कण खाऊन गाद्या, उशा, गोधड्यांत राहतात. त्यांच्या विष्ठेची ॲलर्जी दमा आणि शिंका सुरू करते. पावसाळ्याच्या दमट हवेत ते वाढतात. यासाठी घरभर झटकत बसण्यापेक्षा माणूस जिथे रोज सात-आठ तास नाक खुपसून झोपतो त्या उशीकडे पाहावे. अभ्रे आणि चादरी आठवड्यातून एकदा कढत पाण्यात भिजवून धुवाव्यात, गादी-गोधडी कडक उन्हात घालावी. आपल्या आज्या उन्हाळ्यात वाकळा गच्चीवर टाकत, ते उगाच नव्हे. फक्त गादी बडवायची असेल तर बाहेर बडवावी, आणि ती दम्याच्या रुग्णाने बडवू नये.

या ओघात एक सांगते. झाडून काढलेला केर अंगणात पेटवून देण्याची आपल्याकडे सवय आहे. त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या असतात. त्या धुराने जितका त्रास होतो तितका केराने झाला नसता. तो घंटागाडीतच गेला पाहिजे.

पसारा दिसला तर दिसू द्यावा, असे मी वर म्हटले. त्याला एक अपवाद आहे. जमिनीलगतची अडगळ. भिंतीशी रचलेली लाकडे, विटा, कोपऱ्यातली पोती, पलंगाखाली वर्षानुवर्षे पडलेली खोकी यांत विंचू-सापांना आसरा मिळतो. विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरून असंख्य जीव वाचवण्याचा मार्ग आपल्याच महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी १९८०च्या दशकात दाखवला. आज तो उपाय आहे, पण दंश टळलेला बरा. कपाटावरचा पसारा राहू द्या, जमिनीवरचा उचला. चपला-बूट पायात घालण्यापूर्वी झटकण्याची सवय मुलांना लावा.

हे करायचे कोणी?

इथवर वाचून काही भगिनी म्हणतील, डॉक्टरबाईंनी आणखी कामे वाढवून ठेवली. खरे आहे. कामे कोणती ते ठरले तरी ती एकटीच्याच डोक्यावर राहिली तर या लेखाचा काही उपयोग नाही.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर एक पाहणी केली. लोक आपला दिवस कसा घालवतात याची. सहा वर्षांवरील शंभर स्त्रियांपैकी एक्क्याऐंशी दिवसभरात घरकाम करीत होत्या, पुरुष मात्र शंभरांत सव्वीस. बरे, जे करीत होते त्यांचा वेळ पाहिला तर स्त्रियांचा सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे. स्त्रियांचे जवळजवळ पाच तास. यात नोकरी, शेत, दुकान धरलेले नाही.

संत गाडगेबाबांची तसबीर आपल्याकडे कितीतरी घरांत आणि प्रत्येक शाळेत असते. १८७६ साली जन्मलेला हा माणूस १९५६ साली देह ठेवीपर्यंत गावोगाव जाऊन आधी हातात खराटा घेत असे, कीर्तन नंतर. त्यांच्या नावाचे ग्रामस्वच्छता अभियान राज्यात २००० साली सुरू झाले. पण त्या तसबिरीखाली बसून चहा पिणाऱ्या कर्त्या पुरुषाला स्वतःच्या घरातला खराटा कुठल्या कोपऱ्यात असतो हे ठाऊक नसते! बाबा पुरुष होते आणि खराटा त्यांच्याच हातात होता, एवढी एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरलो.

आमच्या घरी जे चालते ते सांगते, त्यातले पटेल ते घ्यावे. माझा दवाखाना सकाळी साडेनऊला उघडतो आणि रात्री नऊला बंद होतो, मध्ये दुपारचे तीन तास. पिंप-टाकीचा कोरडा दिवस म्हणजे रविवारची सकाळ, आणि ते काम यजमानांचे. लग्नानंतर पहिली दहा वर्षे ते काम 'मदत' म्हणून होत असे. मदत म्हटली की आठवण करून द्यावी लागते, आणि आठवण करून देणे हेही एक कामच. आता ते त्यांचे काम आहे, झाले की नाही ते मी विचारीतही नाही. सासूबाई होत्या तोवर फडकी उकळून वाळत घालणे त्यांच्याकडे होते. ऐंशीव्या वर्षीही त्या ते बसून करीत. अभ्रे-चादरी बुधवारी बदलायच्या, संडास-बाथरूम शनिवारी रात्री. ज्याचे त्याचे ताट त्याने स्वतः विसळायचे, पाहुण्यांनीसुद्धा. सुरुवातीला नातेवाइकांना ते विचित्र वाटले, आता सवय झाली आहे.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींना माझे सांगणे हेच की, सगळी कामे रविवारी काढू नका. सहा दिवस खुर्चीत किंवा फळ्यासमोर उभे राहिलेले शरीर सातव्या दिवशी सलग सहा तास वाकते आणि सोमवारी माझ्याकडे येते. एका दिवशी एकच काम, वीस मिनिटे, घड्याळ लावून. वीस मिनिटे झाली की राहिलेले राहू द्यावे. आखूड केरसुणीने कमरेत वाकून झाडण्यापेक्षा लांब दांड्याचा झाडू आणि दांड्याचे पोतेरे आणावे. यात ऐट नाही, मणक्यांची सोय आहे. बादली अर्धीच भरावी. ती उचलताना गुडघे वाकवावेत, कमर नव्हे. आणि पुसलेली फरशी वाळेपर्यंत घरातल्या वृद्धांना तिकडे जाऊ देऊ नये. ओल्या फरशीवर घसरून खुब्याचे हाड मोडलेल्या आजी वर्षाला माझ्याकडे चार-पाच तरी येतात, आणि त्यांतल्या सगळ्याच पुन्हा पूर्वीसारख्या चालू लागत नाहीत.

बाटलीतले विष

वेळ कमी असला की माणूस जालीम औषधाकडे वळतो. संडासाचे डाग लवकर निघावेत म्हणून ॲसिड ओततो, आणि तेवढ्याने समाधान न होऊन वर ब्लिचिंग पावडर टाकतो. हे कधीही करू नका. या दोन्हींच्या मिश्रणातून क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात १९१५ साली बेल्जियममधल्या ईप्र येथे शत्रूच्या फौजेवर सोडला गेला तोच हा वायू. दार लावून घेतलेल्या चार फुटांच्या बाथरूममध्ये तो किती लागतो? दिवाळीच्या आदल्या आठवड्यात एका तरुण सुनेला रिक्षात घालून आणले होते. डोळ्यांतून पाणी, घशात आग, श्वास लागेना. वेळेवर प्राणवायू मिळाला म्हणून निभावले. असे झाले तर ताबडतोब मोकळ्या हवेत जावे, डोळे-तोंड भरपूर पाण्याने धुवावे, दम लागत असेल तर घरी वाट न पाहता दवाखाना गाठावा. एका वेळी एकच औषध, दार-खिडकी उघडी, आणि दोन औषधांच्या मध्ये भरपूर पाणी, एवढे लक्षात ठेवा.

दारावर येणारे फेरीवाले फिनेल आणि ॲसिड थंड पेयांच्या जुन्या बाटल्यांतून विकतात. तहानलेल्या मुलाला त्या बाटलीत सरबत दिसते. अशा बाटल्या घरात घेऊच नयेत. मूळ डब्यातले औषधही मुलांचा हात पोचणार नाही अशा उंचीवर, कडी लावून ठेवावे. चुकून कोणी प्यालेच तर उलटी करवू नये. आत जाताना जे भाजते ते बाहेर येतानाही भाजते. बाटली बरोबर घेऊन तसेच रुग्णालयात जावे.

आणखी एका वाचकांनी विचारले आहे की, कपाटात आणि बाळाच्या दुपट्यांत डांबर गोळ्या ठेवाव्यात का? मोठ्यांच्या लोकरी कपड्यांत, बंद पेटीत ठेवायला हरकत नाही, पण ते कपडे वापरण्यापूर्वी एक-दोन दिवस उन्हात टाकावेत. बाळाच्या कपड्यांत मात्र मुळीच ठेवू नयेत. काही मुलांच्या रक्तात जन्मतःच एका द्रव्याची उणीव असते. ती वरून कळत नाही. अशा मुलाला या गोळ्यांच्या नुसत्या वासानेही रक्तपेशी फुटून कावीळ होऊ शकते. दुपट्यांत वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवावा, तोही फडक्यात बांधून, म्हणजे चुरा अंगाला लागत नाही. धुतलेली दुपटी उन्हात खडखडीत वाळवूनच घडी घालावीत. पावसाळ्यात ऊन नसेल तेव्हा इस्त्री फिरवावी.